जपानीतील परके शब्द: मात्रांकडे आधी लक्ष द्या

काताकाना, म्हणजे परके शब्द लिहिण्याची जपानी लिपी, वाचता येते, व्यंजनान्त शब्दाला शेवटी स्वर जोडला जातो, तो बहुधा ‘उ’ असतो आणि ट-ड नंतर ‘ओ’ होतो, एवढे आपल्याला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. ‘ल’चा ‘र’ होणेही लवकरच अंगवळणी पडते. मला दीर्घकाळ झगडावे लागले ते मात्रांशी, म्हणजे उच्चाराच्या समान ठोक्यांशी, आणि मराठी विद्यार्थी नेमका तिथेच अडतो.

मराठीत इ-ई, उ-ऊ हा भेद लेखनात पाळला जातो, पण बोलताना त्यावरून अर्थ क्वचितच बदलतो. ए आणि ओ तर आपण दीर्घच मानतो. जपानीत प्रत्येक स्वर ऱ्हस्वही असतो आणि दीर्घही, आणि अर्थ त्यावर ठरतो. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बिल्डिंग’चे तोडलेले रूप, ‘बीरु’ म्हणजे डच भाषेतून आलेली बिअर. आता ‘बेड’ घ्या. आपण तो ‘बेऽड’ असा उच्चारतो, म्हणून जपानीतही सहज ‘बेऽदो’ म्हणून जातो. इंग्रजीतील स्वर मात्र आखूड आहे, आणि जपानीने तो आखूड ठेवून पुढच्या व्यंजनाला थांबा दिला आहे: बे-द्-दो, तीन मात्रा. ‘केक’मधला स्वर लांब, म्हणून के-ए-कि, याही तीनच. मधली मात्रा एकीकडे थांब्याने भरते, दुसरीकडे स्वराने. हा फरक कानात बसेपर्यंत पुढचा शब्दसंग्रह पाठ करू नये, कारण चुकीच्या मात्रेसह पाठ झालेला शब्द नंतर सुधारणे फार कष्टाचे असते.

धीर मात्र सोडू नका. शाळेत लघु-गुरू मोजलेल्या माणसाला मात्रा म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागत नाही. प्रत्येक काताकाना अक्षराला बोटाने एक ठोका द्या. दीर्घ स्वराची आडवी रेघ, थांबा दाखवणारा लहान ‘त्सु’ आणि ‘न्’ यांनाही पूर्ण ठोका द्या. लहान ‘या-यु-यो’ आणि लहान स्वर मात्र आधीच्या अक्षराच्याच ठोक्यात मोजा. उच्चार देवनागरीत लिहून घेण्याची सवय मोडा, कारण नेहमीच्या मराठी लेखनात ऱ्हस्व ए-ओ दाखवताच येत नाही. ‘इंग्रजी शब्द जपानी धाटणीने बोला, चालून जाईल’ असे सांगणाऱ्या शिक्षकांचा सल्ला मला घातक वाटतो.

नियमांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण शब्द कोठून आणि केव्हा आला यावर त्याचे रूप ठरते. डचमधून आलेला ‘गारासु’ म्हणजे काच, तर इंग्रजीतून आलेला ‘गुरासु’ म्हणजे काचेचा पेला. एकाच ‘स्ट्राइक’पासून कामगारांच्या संपाला ‘सुतोराइकि’ आणि बेसबॉलमध्ये ‘सुतोराइकु’ झाले. ‘क’नंतर ‘इ’ जोडणे ही जुनी रीत, ‘इन्कि’ म्हणजे शाईत तीच दिसते. ‘टीम’चे जुन्या रीतीने ‘चीमु’ झाले, तर नंतरच्या ‘पाऽतीऽ’मध्ये, म्हणजे ‘पार्टी’त, ‘टी’चा उच्चार टिकला, आणि 1991 मध्ये जपानी मंत्रिमंडळाच्या अधिसूचनेने अशा लेखनाला अधिकृत स्थान दिले. अशा जोड्या नियमाने सोडवत बसू नका. त्या ठोके देत, अर्थासह, एकत्र पाठ करा.