लग्नाचा कायदा होईपर्यंत समलिंगी जोडप्यांनी कुठले कागद करून ठेवायचे

२०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटका झाली तेव्हा वाटलेलं आता लग्नपण होईल, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं हे संसदेचं काम, आणि जानेवारी २०२५ मध्ये रिव्ह्यू पिटिशनपण फेटाळली. फार लागलं मनाला. पण कायदा येईल तेव्हा येईल, तोवर हातावर हात धरून बसू नका.

आधी बँक. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने स्पष्ट केलंय की जोडीदारासोबत जॉइंट अकाउंट उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला काहीच आडकाठी नाही, त्या पत्रकाची प्रिंट न्याच, काउंटरवर कुणी "नातं काय तुमचं?" करत बसलं तर सरळ पुढे सरकवा.

पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे! पैसे त्याच्या हातात येतील, तरी घरचे वारस म्हणून दावा लावू शकतात, म्हणून मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, फक्त जोडीदाराला साक्षीदार करू नका. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण मी म्हणेन कराच, आणि घरचे भांडतील अशी शंका असेल तर मानसिक स्थिती उत्तम असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याच तारखेचं जोडा.

मग लिव्हिंग विल. असाध्य आजारात तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांबद्दल कोण ठरवणार, तिथे जोडीदाराचं नाव टाका. दोन साक्षीदार, नोटरी, आणि एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे.