कारागृहात फोटोचं शिबिर घेताय? आधी कार्ड लिहा

मागच्या वर्षी विदर्भातल्या एका कारागृहाच्या महिला विभागात दोन दिवसांचं शिबिर घेतलं. सामानाच्या यादीत मी लिहिलं, छोटे डिजिटल कॅमेरे 4 नग, सेल 16, रंगखडूचे डबे 10, कागद 100. कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं लिहिली नाहीत. कॅमेऱ्यात कार्ड असतंच, ते वेगळं काय लिहायचं, असं धरून चालले. दुसऱ्या दिवशी बाहेर निघताना गेटवरच्या बाईंनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि विचारलं, "हे एन्ट्रीत कुठंय मॅडम? आत आलंच नाही, तं बाहेर कसं जाईन?" त्यांचं बरोबर होतं. कार्डं तिथंच राहिली. चौदा जणींना मी प्रिंट कबूल केले होते.

म्हणून सगळ्यात आधी कार्ड. 'मेमरी कार्ड 32 जीबी, 4 नग' असं वेगळ्या ओळीत लिहा आणि प्रत्येकावर बारीक चिकटपट्टी लावून आकडा टाका. यादीच्या तीन प्रती काढा. एक गेटला, एक महिला विभागाला, आणि एक शिक्का मारून तुमच्याजवळ. मोबाईल, स्मार्टवॉच घरी ठेवा, हे सांगायला नको.

परवानगीचा अर्ज दोन महिने आधी द्या. महाराष्ट्रातल्या कारागृहांचं मुख्यालय पुण्यात आहे, नागपुरात पूर्व विभागाचे उपमहानिरीक्षक बसतात, त्यामुळे कागद फिरायला वेळ लागतो. अर्जात कॅमेरा आत नेण्याची परवानगी मागून थांबू नका. 'काढलेले फोटो अधिकाऱ्यांनी तपासल्यावर कार्डासह बाहेर नेण्यास' हे शब्द घाला. आत नेणं आणि बाहेर आणणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे मला गेटवर उभं राहून कळलं. भिंती, मनोरे, कुलपं, कर्मचारी यांचे फोटो काढणार नाही, हेही लिहून द्या आणि बायकांना पहिल्याच तासाला सांगा. एक फोटो चुकला तर चारही कार्डं अडकतील. शिकवायला बायाच न्या, वाद घालत बसू नका.

कात्री, कटर, काच, तार, टर्पेंटाइन यातलं काहीही नको. शार्पनरलाही पातं असतं, म्हणून पेन्सिली घरूनच टोक करून न्या, नाहीतर सरळ रंगखडू. जलरंग मे महिन्यात नेऊ नका, पंचेचाळीस डिग्रीत ब्रश कागदावर टेकेपर्यंत रंग वाळतो.

त्याच उन्हाचा उपयोग करायचा तर सायनोटाइप करा. 1842 मध्ये जॉन हर्शेलनं शोधलेली ही रीत आहे. लोहाचे क्षार लावलेला कागद, त्यावर कडुनिंबाचा डगळा, बांगडी, फणी, जे असेल ते ठेवायचं. उन्हात काही मिनिटं, मग साध्या पाण्यात धुतलं की निळ्यावर पांढरी सावली उमटते. कॅमेरा नको, कार्ड नको. पण रसायनाची बाटली आत नेऊ नका. त्यात पोटॅशियम फेरीसायनाइड असतं. ते म्हणजे जीव घेणारं सायनाइड नव्हे, पण नावातला 'सायनाइड' वाचल्यावर गेटवर तुमचं कोण ऐकणार? कागद घरीच रात्री मंद पिवळ्या दिव्यात रंगवा, अंधारात वाळवा, काळ्या पाकिटात भरा. झडतीत पाकीट उघडणारच, आणि ते भर उन्हात उघडलं की सगळे कागद गेले. तेव्हा एक नमुना वेगळ्या पाकिटात ठेवा, तो दाखवा, बाकीचं सावलीत उघडायची विनंती करा. दाबायला काचेऐवजी ॲक्रिलिकचा तुकडा, तोही यादीत. दोन बादल्या पाणी मिळेल का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा.

तारीख ठरवताना मुलाखतीचा वार टाळा. घरचं माणूस भेटायला येणार असताना तुमच्या शिबिराला कोण बसेल? कच्च्या कैद्यांना कोर्टाची तारीख असते, त्यामुळे पहिल्या दिवशी आलेली दुसऱ्या दिवशी असेलच असं नाही. प्रत्येक तास स्वतंत्र ठेवा. दुपारी बराकी बंद होतात, तो वेळ तुमचा नाही. छापील सूचना वाटू नका. कोणी हिंदी बोलते, कोणी वऱ्हाडी, कोणी गोंडी, आणि वाचता न येणाऱ्या बऱ्याच असतात. करून दाखवा. कोणत्या कलमाखाली आलीस, हे विचारू नका. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ आत राहतात, ती कॅमेऱ्याला लटकणारच. त्यांना एक कॅमेरा द्या, त्यांचे चेहरे मात्र घेऊ नका.

वस्तीतल्या किंवा निरीक्षणगृहातल्या (गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं ठेवतात तिथल्या) पोरांचं शिबिर असेल तर थोडक्यात सांगते. परवानगी मागायची ती निरीक्षणगृहासाठी बाल न्याय मंडळाकडे, बालगृहासाठी बाल कल्याण समितीकडे. त्या पोरांची ओळख पटेल असा फोटो छापला की बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हात, पाठ, सावली, चपला यांचे फोटो घ्या. वस्तीतली पोरं कामावर जातात, रविवार ठेवा. तर्री पोहे ठेवा, उशिरा येणारेही वेळेवर येतील.

प्रदर्शन नंतर. नाव लावायचं का, ते तिला विचारा, सुटल्यावर परत विचारा. प्रिंट 4 बाय 6 चे, दोन प्रती, देण्याची तारीख अर्जातच टाका. चटया, पाणी, हजेरीचा कागद तुम्हाला कळतं.

आणि निघायच्या आदल्या रात्री यादी काढून बघा. कॅमेऱ्याच्या खाली कार्डाची ओळ आहे का? सेल मोजले, तशी कार्डं मोजली का? चार?