परवडणाऱ्या घरांसाठी सरकारी निधी मागताय? या चुका टाळा

बहुतेक प्रस्ताव घरांची गरज पटवून देण्यातच दमतात. शहरात किती कुटुंबे दाटीवाटीने राहतात, भाडी कशी वाढली, यावर पानेच्या पाने. आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, यावर दोन ओळी. अहो, गरज ठाऊक आहे म्हणूनच तर सरकारने योजना काढली. छाननीला बसलेल्या माणसाला वेगळीच काळजी असते: मंजुरी दिली तर काम वेळेत सुरू होईल का, की पैसा नुसता खात्यात पडून राहील? प्रस्ताव अडकतात ते बहुधा याच प्रश्नापाशी.

जमिनीचं नंतर बघू

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पालिकेने जागा द्यायचा ठराव केला, म्हणजे जागा हातात आली असे धरून अर्ज केला जातो. छाननीत एकेक गोष्ट बाहेर येते. ठराव आहे, पण ताबा नाही. ताबा आहे, पण एका कोपऱ्यात अतिक्रमण आहे. मालकीच्या कागदावरचे क्षेत्र एक आणि मोजणीच्या नकाशावरचे दुसरेच. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण क्षेत्रावर घरांची संख्या ठरते आणि घरांच्या संख्येवर अनुदान. क्षेत्र थोडे जरी कमी भरले, तरी आराखडा बदलतो, त्यामागे अंदाजपत्रक बदलते आणि फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते. म्हणून मोजणी आधी, अर्ज नंतर. जागेवर बोजा, दावा किंवा आरक्षण नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्या. पाणी आणि सांडपाण्याची जोडणी जागेपर्यंत कधी येणार, याचे संबंधित खात्याकडून लेखी पत्र घ्या. तोंडी आश्वासन फाईलला लावता येत नाही.

आकडे जुळावेत म्हणून शहराबाहेरची स्वस्त जमीन धरण्याचा मोहही होतोच. मेक्सिकोत सरकारी घरकर्जाच्या जोरावर शहरांच्या कडेला प्रचंड वसाहती उठल्या. २०१० च्या जनगणनेत त्या देशात सुमारे ५० लाख घरे रिकामी आढळली, आणि त्यांत कामधंद्यापासून लांबच्या या वसाहतींमधली घरे बरीच होती. चिलीतल्या इकिके शहरात २००४ च्या सुमारास याच्या अगदी उलट केले गेले. दर कुटुंबामागे अनुदान होते सुमारे साडेसात हजार डॉलर, आणि शंभरेक कुटुंबे राहत होती ती जागा शहराच्या मध्यात, म्हणून महाग. वास्तुरचनाकार आलेहांद्रो आरावेना यांच्या गटाने जागा सोडली नाही, घर अर्धे केले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, मुख्य भिंती असा अवघड भाग अनुदानातून बांधला आणि उरलेला अर्धा भाग कुटुंबांनी सवडीने वाढवायचा, असे ठरले. पैसा अपुरा असताना काय आधी बांधायचे, हे इतक्या स्पष्टपणे ठरवलेले प्रस्ताव क्वचितच दिसतात.

‘परवडणारे’ची व्याख्या स्वतःच करणे

तुम्हाला किंमत रास्त वाटते, हा निकष नव्हे. प्रत्येक योजनेची उत्पन्नमर्यादा, घराचे क्षेत्र आणि प्रकल्पाचा किमान आकार ठरलेला असतो. भारताच्या २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) सरकारी किंवा खासगी संस्थांच्या भागीदारीतल्या प्रकल्पासाठी किमान २५० घरे आणि त्यांतली किमान ३५ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी, अशी अट होती. अमेरिकेत परवडणारी भाड्याची घरे बांधणाऱ्यांसाठी १९८६ पासून चालू असलेल्या कर-सवलतीच्या योजनेत परिसराच्या मध्यक उत्पन्नाशी (निम्म्या कुटुंबांचे उत्पन्न ज्याच्या खाली आणि निम्म्यांचे वर, त्या रकमेशी) तुलना करून पात्रता ठरते. अट वाचून मग आराखडा काढायचा असतो. आराखडा काढून त्याला अट चिकटवायला गेले की घरे अर्धा-एक चौरस मीटरने मोठी निघतात आणि सगळा प्रकल्प अपात्र होतो.

‘इतर स्रोत’ नावाचा रकाना

खर्चाच्या १०० रुपयांपैकी ४० अनुदान, ३५ कर्ज, १० लाभार्थ्यांचा वाटा आणि १५ ‘इतर स्रोत’. तपासणारा पहिले बोट त्या १५ वर ठेवतो. तिथे नाव आणि पत्र हवे: कोण देणार, कधी, कोणत्या अटीवर. लाभार्थ्यांच्या १० रुपयांचाही हिशेब द्या. अनियमित मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला बँक कर्ज देईल, हे नुसते गृहीत धरलेले चालत नाही.

पालिकेचा स्वतःचा वाटा शून्य असणे हीसुद्धा कमजोरीच. व्हिएन्नाने १९२३ साली खास गृहबांधणी कर लावला. महागड्या घरांवर जास्त, साध्या घरांवर नाममात्र. १९३४ पर्यंत त्या शहराने ६० हजारांहून जास्त घरे बांधली. प्रत्येक शहराला असा कर लावण्याचा अधिकार नसतो, हे खरे. पण शुल्कमाफी, जमीन, रस्ता-दिवे यांपैकी काहीतरी पालिकेने आपल्या खात्यातून घातलेले असले की वरच्या सरकारशी बोलणे सोपे जाते.

बांधकामापुरताच विचार

अनुदान बहुतेक वेळा बांधायला मिळते, चालवायला नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीत ११ मजल्यांच्या ३३ इमारती होत्या. बांधकामाला केंद्राचा पैसा आला, देखभाल मात्र रहिवाशांच्या भाड्यातून करायची होती. रहिवासी कमी झाले, भाडे आटले, लिफ्ट आणि नळ दुरुस्तीविना पडले, म्हणून आणखी लोक गेले. पहिली कुटुंबे १९५४ मध्ये राहायला आली आणि १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली. त्या अपयशाला इतरही कारणे होती, पण हे दुष्टचक्र कागदावर आधीच दिसू शकले असते. उंच इमारत सुचवत असाल तर लिफ्ट, पंप आणि रंगकामाचा वार्षिक खर्च मांडा आणि तो कोण भरणार, ते लिहा. माझ्या मते ज्या वस्तीला लिफ्टचा खर्च झेपणार नाही, तिथे चार मजल्यांवर थांबावे.

मंजुरी मिळाली, पैसे येत नाहीत

अनुदान एकरकमी येत नाही. वर उल्लेखलेल्या आवास योजनेत केंद्राची मदत ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत होती. दुसरा हप्ता मागायचा तर आधीची रक्कम बरीचशी खर्चून तिचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते. म्हणजे कंत्राटदाराचे बिल आणि पुढचा हप्ता यांच्यामध्ये काही महिने खिंडार पडते. तेवढ्या काळासाठी खेळते भांडवल किंवा छोटे कर्ज आधीच ठरवून ठेवा, नाहीतर काम थांबते, आणि थांबलेल्या कामाला हप्ता मिळत नाही.

हप्ता अडला असेल तर आधी लाभार्थ्यांची यादी काढा. एकच नाव दोनदा, आधार आणि बँक खात्यावरच्या नावात फरक, घराचे फोटो चुकीच्या टप्प्याचे, अशी साधी कारणे तिथेच सापडतात. यादी ठीक असेल तर जुळवा दोन तारखा: प्रमाणपत्रावरची आणि लेखापरीक्षकाच्या सहीची. त्याही जुळत असतील तर राज्याचा हिस्सा आला आहे का, ते विचारा. कित्येकदा केंद्राचा पैसा त्याचीच वाट पाहत थांबलेला असतो. प्रस्तावच परत आला असेल तर शेऱ्यांना मुद्देसूद, पान क्रमांकासह उत्तर द्या. नवा प्रस्ताव लिहायला बसू नका. बदललेल्या प्रत्येक आकड्यासोबत छाननी नव्याने सुरू होते.