महापालिकेचा ऑडिट रिपोर्ट कसा मागवायचा आणि कसा वाचायचा

मी कर्नाटकातल्या बेळगावच्या वडगावची. नोकरीभर एका पतसंस्थेचे हिशेब सांभाळले, त्यामुळं ऑडिटर येणार म्हटलं की व्हाउचरं लावायची काय धांदल उडते ते मला चांगलं ठाऊक आहे. शहराच्या पैशाचंही असंच ऑडिट होतं आणि तो रिपोर्ट आपण मागून वाचू शकतो. आमच्या गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लिहितेय.

आधी ऑडिटर कोण ते बघा. महापालिकेचा लेखा विभाग म्हणजे ऑडिटर नव्हे, तो बिलं काढतो. ऑडिटर येतो राज्याच्या अर्थ खात्याखालच्या लेखापरीक्षण व लेखा खात्यातून. त्याचा पगार, बदली, बढती महापौरांच्या हातात नाही आणि आयुक्तांच्याही नाही. त्याचं सगळं बळ यातच आहे. वार्षिक ताळेबंद तपासायला सीए वेगळे असतात, आणि कॅगचे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचे, स्थानिक संस्थांवरचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात. बेळगाव महापालिका कर्नाटकाच्या १९७६ च्या महापालिका कायद्याखाली चालते, तर निपाणी नगरपालिका आणि खानापूरची पट्टण पंचायत, म्हणजे नगरपंचायत, १९६४ च्या नगरपालिका कायद्याखाली. ऑडिट करणारं खातं मात्र तेच.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या. बेळगाव २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं, पण त्या कामांसाठी वेगळी कंपनी आहे. तिचं ऑडिट कंपनी कायद्याखाली होतं. त्या कामांचा हिशेब महापालिकेच्या रिपोर्टात शोधत बसू नका.

आता अर्ज. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ६(१). अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणजे इथं कन्नड. मराठीचं नाव त्यात नाही. मला हे बोचतं, पण अर्ज भाषेवरून अडकून पडण्यापेक्षा हिंदीत लिहिलेला बरा. लिपी आपलीच आहे. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. मजकूर एवढाच: ‘गेल्या तीन आर्थिक वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि त्यांवर कार्यालयाने सादर केलेले अनुपालन अहवाल यांच्या प्रती द्याव्यात.’ अनुपालन अहवाल म्हणजे ऑडिटरच्या आक्षेपांवर कार्यालयानं दिलेलं उत्तर. फी १० रुपये. पोस्टल ऑर्डर लावा आणि पोच घ्याच. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथंही दाद लागली नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडं दुसरं. रिपोर्ट जाडजूड असेल तर आधी नुसती पाहणी मागा आणि लागतील तेवढ्याच पानांच्या प्रती घ्या.

रिपोर्ट बहुतेक कन्नडमध्ये हाती पडेल. घाबरू नका. शाळेत कन्नड शिकणारी पोरं घरोघर आहेत, त्यांना शेजारी बसवा. चार शब्द ओळखता आले की काम भागतं: ‘कंडिके’ म्हणजे परिच्छेद, ‘मोत्त’ म्हणजे रक्कम, ‘आक्षेपणे’ आणि ‘वसूलाति’ तर आपल्याला कळतातच. आक्षेपाखाली ठेवलेली रक्कम आणि वसुलीला लावलेली रक्कम यांत गल्लत करू नका. पहिलीत कागद अपुरे असतात. व्हाउचर दाखवलं की आक्षेप मिटूही शकतो. दुसरीत पैसे जास्त गेलेत, ते परत यायला हवेत, असं ऑडिटरनं लिहिलेलं असतं.

मग आपल्या वॉर्डाचं काम शोधा. समजा, गटाराचं बिल आहे. एस्टिमेट, एम. बी. म्हणजे मापपुस्तक, आणि बिल हे तिन्ही कागद मागवा. एम. बी.त लांबी, रुंदी, उंची ओळीनं लिहिलेली असते. ती घेऊन गटारापाशी जा, एकानं टेपचं टोक धरावं, दुसऱ्यानं वाचावं, तिसऱ्यानं लिहावं. ऑडिटरचं बहुतेक काम कागदावर चालतं, गटाराशेजारी आपण राहतो. कायद्यानं कामाची पाहणी करायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क दिलाय, तोही अर्जात मागता येतो. आणखी एक खूण: एकाच गल्लीतलं काम लहान लहान तुकड्यांत, जवळपासच्या तारखांना, एकाच ठेकेदाराला गेलेलं दिसलं तर थांबा. ठरलेल्या रकमेवरचं काम टेंडरशिवाय देता येत नाही, कर्नाटकाच्या सार्वजनिक खरेदीतल्या पारदर्शकतेच्या १९९९ च्या कायद्यानं. तुकडे त्या रकमेखाली राहण्यासाठीच पाडलेत का, हे विचारायलाच हवं.

घरपट्टीचं चलनही काढून ठेवा. तिच्यावर आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय ६ टक्के, भिक्षुक प्रतिबंध ३ टक्के असे आपण भरतो. हा पैसा पालिकेचा नसतो, गोळा करून पुढं पाठवायचा असतो. तो पुढं गेला का, हे ऑडिटर तपासतो. वाचनालयात बसून पेपर वाचणाऱ्या प्रत्येकानं तो परिच्छेद बघावा असं मला मनापासून वाटतं.

ऑडिटर काम थांबवू शकत नाही, कुणाला घरी बसवू शकत नाही. तो लिहितो, पुढचं कार्यालयानं करायचं. म्हणून अनुपालन अहवाल सगळ्यात बारकाईनं वाचा. ‘क्रम कैगोळ्ळलागुवुदु’, म्हणजे कारवाई करण्यात येईल, एवढंच उत्तर असेल आणि तोच आक्षेप पुढच्या वर्षी पुन्हा आला असेल, तर आपला प्रश्न तिथं आहे. महापालिकेत नगरसेवकांची लेखा स्थायी समिती असते. तिच्या अध्यक्षांना परिच्छेद क्रमांक, वर्ष आणि रक्कम घालून एका पानाचं पत्र लिहा. सोबत रिपोर्टातल्या त्या पानाची झेरॉक्स जोडा, तशीच प्रत वॉर्डाच्या नगरसेवकाला द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.