बांधावर मोजणीचे पथक आले, तर

तासगाव-मिरजेकडे प्रकल्पाच्या सर्वेक्षणाचे पथक शेतात आले, की वाद घालण्याआधी अधिकारपत्र मागून मोजणी कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहावे. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 12 नुसार मालकाच्या गैरहजेरीत सर्वेक्षण करायचे असल्यास किमान 60 दिवस आधी, तर घरात किंवा घरालगतच्या बंदिस्त अंगणात संमतीविना शिरायचे असल्यास किमान 7 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. (राष्ट्रीय महामार्गाला 1956 चा वेगळा कायदा आहे, त्याच्या कलम 3-बी मध्ये अशी मुदत नाही.) कलम 13 प्रमाणे नुकसानीची रक्कम प्रवेशाच्या वेळीच देऊ करावी लागते, म्हणून छाटलेली द्राक्षवेल, फुटलेली ठिबकची नळी यांचे फोटो काढून जागेवरच पंचनामा मागावा. रकमेवरून वाद झाल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो.