जास्वंदीच्या या चुका टाळा: आधी पायाखालची माती बघा

माझं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं, सासर त्याच जिल्ह्यातल्या रायबागचं. लग्नानंतर आईच्या परड्यातल्या तांबड्या जास्वंदीची फांदी मी इकडे आणून लावली. ती जगली, पण वर्षभरात पानं पिवळी पडायला लागली. आई चुलीतली राख घालायची, म्हणून मीही घातली. झाड आणखी फिकं पडलं.

चूक राखेची नव्हती, मातीची होती. खानापूरकडची तांबडी माती आम्लधर्मी. जोराच्या पावसात तिच्यातला कस धुऊन जातो, तिथे राखेची चिमूट मानवते. रायबाग, अथणीकडची काळी माती मुळातच चुनखडीची, त्यात बोअरचं पाणी जड. राखेने ती आणखी अल्कधर्मी होते आणि जमिनीत असलेलं लोहसुद्धा मुळांना उचलता येत नाही. बेळगाव शहरातही असंच आहे. कॅम्प, हिंडलग्याकडे तांबडी माती, तर शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात काळी. म्हणून शेजारणीने सांगितलेला उपाय करण्याआधी तिच्या दारातली माती कुठली, ते विचारा.

पान पिवळं दिसलं की लगेच युरिया टाकणं ही दुसरी मोठी चूक. आधी कुठलं पान पिवळं आहे ते नीट पाहा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होत असतील तर नत्र कमी पडलंय. तांबड्या मातीत पावसाळ्यानंतर हे हमखास दिसतं, तिथे दोन घमेली कुजलेलं शेणखत पुरतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. खताच्या दुकानात चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज घेता येणारं लोह, मिळतं. ते पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा, नवी पानं हिरवी येतात. थंडीत चार-दोन जुनी पानं गळली तर काहीच करू नका. युरिया जास्त झाला की झाड पानांनी गच्च भरतं आणि कळी धरत नाही.

माती ओली असताना पानं मलूल झाली तर पाणी घालू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण बहुतेक झाडं इथेच जातात. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि वरून झाड तहानलेलं दिसतं. बोट दोन इंच खुपसून पाहा, ओल लागली तर थांबा. काळ्या जमिनीत खड्ड्यात लावण्यापेक्षा हात-दीड हात उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर झाड लावावं.

रोपवाटिकेतून आणलेलं रोप चिकट लाल मातीच्या गोळ्यासकट तसंच पुरू नका. आजूबाजूला पाणी मुरतं, गोळा आतून कोरडाच राहतो आणि मुळं त्याच्या बाहेर येत नाहीत. गोळा पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हाताने मोकळी करा.

कळ्या गळतात ही तक्रार सगळीकडची. पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही, असं झालं की कळी पहिली गळते. दिवसाला पाच-सहा तास ऊन नसेल तरी तेच. गळलेली कळी फोडून बघा, आत बारीक अळी असेल तर पडलेल्या सगळ्या कळ्या गोळा करून जाळा. दुहेरी पाकळ्यांची कलमी जात मुळातच जास्त कळ्या टाकते. देवासाठी रोज फूल हवं असेल तर आपली साधी तांबडी पाच पाकळ्यांचीच लावा.

शेंड्यावर पांढरा कापूस दिसला आणि पानं आवळली, तर तो पिठ्या ढेकूण. मुंगळे झाडावर चढताना दिसले की समजा तो आलाच. त्याच्या गोड चिकट्यासाठी ते त्याला राखतात. आवळलेले शेंडे कापून जाळा, पाण्याच्या जोराच्या धारेने झाड धुवा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. पण त्या कापसात मोठी, भराभर चालणारी, पांढऱ्या झुपक्यांची अळी दिसली तर फवारा थांबवा. ती एका ढालकिड्याची अळी, पिठ्या खाऊनच वाढते. मी अशा कितीतरी चिरडल्या होत्या, त्याचं अजून वाईट वाटतं.

गणपतीला फुलं हवीत म्हणून आषाढाच्या झडीत छाटणी करू नका. ओल्या जखमेतून फांदी वरून खाली वाळत येते. शिवाय फूल नव्या फुटीवर येतं आणि त्याला दोन-अडीच महिने लागतात. मोठी छाटणी थंडी सरल्यावर, फेब्रुवारीअखेर. हलके शेंडे मिरग निघायच्या आधी खुडा. नवं झाड करायचं असेल तर पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी निवडा. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापा, आणि मिरगाच्या पावसात सावलीत खोचा. उलटी खोचू नका, डोळे वर बघत असले पाहिजेत. माझी दुसरी काडी अशीच लागली, राखेशिवाय, ओट्यावर. आता सासूबाई सकाळी तिच्याखाली परडी घेऊन उभ्या असतात.