अनोळखी प्रेक्षकांना सोबत घेऊन मेक्सिकन वेव्ह कशी उठवावी

शेजारी कोणत्या संघाची जर्सी बसली आहे, याच्याशी मेक्सिकन वेव्हला, म्हणजे प्रेक्षक शेजाऱ्यापाठोपाठ उठून-बसून स्टेडियमभर फिरवतात त्या लाटेला, काही देणंघेणं नसतं. म्हणूनच अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलायला हे उत्तम निमित्त आहे. मात्र एकट्याने उठून हात वर करू नका. चार लोक हसतील आणि विषय संपेल.

किती माणसं लागतात? फार्कस, हेल्बिंग आणि विचेक या तीन शास्त्रज्ञांनी मोठ्या स्टेडियममधल्या १४ लाटांच्या चित्रफिती तपासल्या आणि २००२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हिशेब मांडला. लाट पेटायला साधारण २५ ते ३५ माणसं एकदम उठावी लागतात. पेटली की ती सेकंदाला सुमारे २० खुर्च्या पळते आणि कोणत्याही क्षणी जेमतेम १५ खुर्च्यांच्या रुंदीतलेच लोक उभे असतात. वणवा पसरण्यामागे जे गणित आहे, तेच इथेही लागू पडतं.

माणसं जमवा. एका रांगेतले ३० जण नकोत. पाच रांगा आणि प्रत्येकीत सहा खुर्च्या, असा चौकोन हवा. पुढचा, मागचा, डावा, उजवा अशा चौघांना विचारा, "वेव्ह काढू या का?" त्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना विचारायचं. समोरच्या संघाचे पाठीराखे जवळ असतील तर त्यांना आवर्जून घ्या, नाहीतर पलीकडच्यांना ही तुमच्या संघाची घोषणाबाजी वाटते आणि ते मुद्दाम बसून राहतात. चौकोन शक्यतो पुढच्या रांगांमध्ये ठेवा. सगळ्यांची तोंडं मैदानाकडे असतात, त्यामुळे अगदी वरच्या रांगेत कोण उठलं हे खालच्यांना दिसतच नाही.

वेळ साधा. फुटबॉलमध्ये खेळाडूला लागल्यामुळे खेळ थांबला असेल तेव्हा, क्रिकेटमध्ये दोन षटकांच्या मध्ये किंवा ड्रिंक्सच्या वेळी. पेनल्टीच्या किंवा शेवटच्या षटकाच्या वेळी प्रयत्नही करू नका. गोलंदाजाच्या मागच्या बाजूला, साइटस्क्रीनच्या आसपास बसला असाल तर चेंडू पडताना उठू नका. हालचालीने फलंदाज विचलित होतो.

दिशा ठरवा. सर्वाधिक चुका इथेच होतात. लाट एकाच वेळी दोन्हीकडे निघाली की तिचं टोक कुठलं हे कुणालाच कळत नाही. बहुतेक लाटा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातात, म्हणजे मैदानाकडे तोंड असताना तुमच्या डावीकडे. तेव्हा उजवीकडच्या दोन-तीन टोळक्यांना आधीच सांगून ठेवा, "तुम्ही आत्ता बसून राहा, फिरून आली की उठा."

मग मोठ्याने ३-२-१. 'एक'नंतर सगळे एकदम उठा, हात वर, ओरडा, आणि लगेच खाली बसा. उभे राहिलात तर लोक तुमच्याकडे बघत बसतात आणि मागचे "बसा, बसा" करायला लागतात.

पहिली लाट बहुधा दोन-तीन गटांनंतर मरते. १५ ऑक्टोबर १९८१ला अमेरिकेतल्या ओकलंडच्या बेसबॉल सामन्यात लाट उठवणाऱ्या, 'क्रेझी जॉर्ज' या नावाने प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज हेंडरसन या व्यावसायिक चीअरलीडरनेही हे गृहीत धरलं होतं. लाट जिथे थांबेल तिथल्यांची हुर्यो उडवायची, असं त्याने आपल्या गटांना सांगून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला ती लांब गेली. जगभर ती पोचली १९८६च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकातून, म्हणून हे नाव.

लाट अडते ती रिकाम्या खुर्च्यांपाशी आणि तुरळक माणसं असलेल्या खास कक्षांपाशी. त्यावर इलाज नाही, पुन्हा सुरू करा. गंमत म्हणजे कित्येकदा ती फेरी मारून आल्यावर जन्मस्थानीच संपते. एका फेरीत ८०० खुर्च्या असतील तर ती ४० सेकंदांत परत येते, आणि तोवर सुरू करणारेच एकमेकांशी गप्पा मारत असतात. एकाला नजर ठेवायला बसवा.

उठण्याआधी "ग्लास खाली ठेवा" अशी हाळी द्या. मांडीवर मूल असलेल्यांना किंवा व्हीलचेअरवरच्यांना फक्त हात वर करू द्या. कुणाला ओढून उठवू नका. कागद, बाटल्या उडवणं नाही.

तीन फेऱ्या झाल्या की थांबा. लोक सामना बघायला आलेत. विकेट पडताना तुमची लाट आडवी आली, तर पुढच्या ३-२-१ला कुणी दाद देणार नाही.